आठ चाकं, दोन बिल्ले

चाकाचे बूट घरात आले त्या दिवसापासून गावातल्या एकूण एक माणसाला माझ्याशी बोलायचा हक्क मिळाला. त्याआधी मी फार तर ‘ओव्हरसियरसाहेबांची मंडळी’ होते. बाजारात कुणी मान हलवली तर हलवली. आता पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, जाईन तिथं कुणीतरी थांबवून मला सांगायचं की लेकरू असं वाढवत नाहीत. गावाचं नाव मी लिहीत नाही. साताऱ्याहून सांगलीला जाताना लागतं, एवढं पुरे. मला अजून त्याच गिरणीत दळण न्यायचं आहे.

बूट आणले आमच्या धाकट्या दिरांनी, हंबीररावांनी. ते फौजेत हवालदार, बंगलोरला. तिकडून येताना लोक चंदनाचा साबण आणतात, उदबत्त्या आणतात. ह्यांनी पुतणीसाठी काय आणावं? दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीखाली चार-चार लोखंडी चाकं, बांधायला चामड्याचे पट्टे आणि लहान-मोठं करायला एक किल्ली. आपल्या रोजच्या बुटांवर हे बांधायचं आणि घसरत पळायचं. वैजू आठ वर्षांची. तिनं ते बघितलं आणि तिचं तोंड असं उजळलं की मी नको म्हणायची ती गप्प बसले. माझी एवढी एकच चूक. या हकिगतीतल्या बाकीच्या सगळ्या चुका इतरांच्या आहेत.

दिरांनी शिकवलं ते फौजी पद्धतीनं. वैजूला उतारावर उभी केली, “चलो जवान!” म्हणाले आणि पाठीत ढकललं. जवान थेट खालच्या नळाच्या कट्ट्याला जाऊन थडकली. हनुवटीला तीन टाके. दुसऱ्या दिवशी दिरांची सुट्टी संपली आणि ते बंगलोरला गेले; टाके माझ्याकडे राहिले.

संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या ओसरीवर बसून वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “अजून येकदा पडली की ती चाकं उंब्रजला.”

उंब्रजला आमचे थोरले दीर असतात. त्यांच्या मुलाला चाकं हवी होती, तशी चिठ्ठीही आली होती.

“तो पडला तर, आत्याबाई?”

“त्यो पोरगा हाय. ही पोरीची जात. तोंडावर वण, पाय वाकडा, उद्या कोन करून घील?”

आता ऐका. तोच मुलगा मे महिन्यात आंब्यावरून पडला होता. हात मोडला. कुणी झाड उंब्रजहून दुसऱ्या गावाला पाठवलं का? प्लास्टर निघाल्यावर राहिलेल्या कैऱ्या काढायला त्यालाच वर चढवला, आणि खाली उभं राहून सगळ्यांनी कौतुक केलं. मी सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले आहे, वादविवादात मला ढाल मिळालेली आहे. मी त्या दिवशी एक अक्षर बोलले नाही. आत जाऊन भाकऱ्या थापल्या. त्या इतक्या थापल्या की पलीकडचं दिसायला लागलं.

आमचे हे ताटावर बसून म्हणाले, “अगं, जाऊ दे की.”

ह्यांचं हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे. पाटबंधारे खात्यात बंधारा गळला तरी हे असंच म्हणत असतील. पाणीही मग जातंच.

भाकरी थापता थापता मी ठरवलं. चाकं उंब्रजला जाणार नाहीत. वैजू चालवायला शिकेल आणि पडणार नाही, आणि ते कसं करायचं हे मी शास्त्रशुद्ध शोधून काढीन. खोक्यात एक इंग्रजी कागद आला होता, तो दिरांनी तंबाखू बांधायला घेतला होता. मी तो परत मिळवला होता. वहीत एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी लिहून काढलं. जमीन सपाट आणि स्वच्छ हवी. गुडघ्यांना आणि कोपरांना जाड गादी बांधावी. रोज घालण्याआधी एकूण एक नट तपासावा, एकूण एक चाक बोटानं फिरवून बघावं. चाकांत धूळ, पाणी जाऊ देऊ नये. चामड्याला चीर पडली की पट्टा बदलावा. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरांत: आधी पडायला शिका.

मी ते दोनदा वाचलं. पडायला शिकल्याशिवाय चालवता येत नाही, आणि एकदा पडली की चाकं उंब्रजला!

मग आत्याबाई दुपारी कीर्तनाला गेल्या की आम्ही मायलेकी दार लावून घ्यायचो. दोन गाद्या अंथरायच्या आणि वैजूनं पडायचं. पुढं हात टेकायचे नाहीत, गुडघे वाकवायचे, अंग बाजूला टाकायचं. पोरगी आठ दिवसांत असं सुरेख पडायला लागली की बघत राहावं. मीही एक-दोनदा पडून बघितलं. गाद्यांतला कापूस मात्र एका कोपऱ्याला गेला, आणि “रातच्याला कमरंखाली काय येतंय गं?” असं आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मी उंदरांवर ढकललं.

ही शिकवणी चालू असताना सल्ले येतच होते. समोर लालासाहेबमामा राहतात, निवृत्त सुभेदार. ते रोज सकाळी दात घासत दारात येऊन उभे राहायचे.

“सूनबाई, हे अशानं न्हाई यायचं. ड्रिल पायजे ड्रिल! लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट.”

“मामा, तुम्ही कधी चाकांवर उभे राहिला होता का?”

“आमी टँकवर हुतो, टँकवर!”

“टँक पडतो का, मामा?”

ह्यावर त्यांनी चूळ भरली.

शेजारच्या बनुबाईंचं म्हणणं वेगळं होतं. चाकांना दृष्ट लागली आहे, लिंबू-मिरची बांधायला हवी. मी म्हटलं, बनुबाई, मिरची चाकाखाली आली तर घसरून पडेल. तर त्या म्हणाल्या, “मग वरनं बांध की, गुडघ्याला!” आणि खरंच दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरच्यांच्या दोन माळा घेऊन आल्या. मी त्या आमटीत घातल्या.

सबंध गावात कामाचं बोलणारा माणूस एकच निघाला: सायकल दुकानाचा बिराप्पा. जतच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोन दुष्काळांत कळप गेला तेव्हा इकडं येऊन पंक्चर काढायला शिकला. त्यानं चाक बोटावर फिरवलं, कानाशी धरलं, डोळे मिटून ऐकलं. मला एकदम बरं वाटलं. डॉक्टरनं टाके घालताना वैजूकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं.

“वैनी, आत छर्रे हायत,” तो म्हणाला. “आन ते रडायला लागल्यात. धूळ गेलीय.”

त्यानं चाकं सोडली, छर्रे वाटीत काढले, रॉकेलनं धुतले. रॉकेल माझं, रेशनचं. त्या आठवड्यात मी दोन वेळा स्टोव्हऐवजी चूल पेटवली. मग ग्रीस भरून, नट आवळून त्यानं चाक फिरवलं, तर ते इतका वेळ गुपचूप फिरत राहिलं की दोघांचाही चहा पिऊन व्हावा.

“ह्यात रॉकेल आन ग्रीस सोडून काय बी जाऊ द्यायचं न्हाई बगा. पाण्याचा थेंब न्हाई, मातीचा कण न्हाई. येक कण गेला आन चाक आडलं, की पाय मागं आन पोर फुडं.”

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. गुडघ्यांच्या गाद्याही त्यानंच दिल्या: त्याच्या आईच्या जुन्या घोंगड्याचे चार तुकडे, चार पदरी, काठाला सुतळी. वैजूला ते टोचायचे. टोचू देत, म्हटलं.

आता सपाट जमीन. आमच्या गावात सपाट जमीन म्हणजे नगरपालिकेपुढचा नवा डांबरी रस्ता, तेवढाच. बाकी सगळीकडं खडी. मी वैजूला बोटाला धरून तिथं न्यायला लागले. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी पालिकेचा शिपाई शिट्टी फुंकत आला.

“बिल्ला कुठाय?”

सायकलीला दरसाल पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागतो हे मला ठाऊक होतं. पण ही सायकल नाही, लहान मुलीचा खेळ आहे, हे मी त्याला मराठीत सांगितलं, रागानं सांगितलं, शेवटी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजी ऐकल्यावर त्यानं चाकं जप्त केली. सायकलींच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून ती कोंडवाड्यात नेऊन ठेवली. वैजू नुसत्या बुटांवर उभी राहून रडत होती. कुंपणापलीकडं कुणाची तरी म्हैस तिच्या चाकांचा वास घेत होती. म्हशीची लाळ छऱ्यांत गेली तर? माझं डोकं असं तापलं की मी तशीच, पदर खोचून, पालिकेत शिरले.

कारकून वयस्क होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर जाडजूड नियमांचं पुस्तक.

“चाकं आहेत ना?”

“आहेत.”

“रस्त्यावर चालतं ना?”

“आपोआप चालत नाही. पायानं...”

“म्हणजे मनुष्यबळावर चालणारं चाकी वाहन.” त्यांनी पान उलटलं. “बिल्ला लागणार. वाहनं किती?”

“एक जोडी.”

“जोडी बैलांची असते, बाई. बैल दोन, गाडी एक. यात बैल कुठला आणि गाडी कुठली?”

“बैल मी,” मी म्हटलं. “तसंच लिहा.”

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फार गंभीरपणे विचारलं, “डावा पाय उजव्याला सोडून स्वतंत्र जाऊ शकतो?”

“जाऊ शकतो! तीच तर काळजी आहे मला.”

“मग दोन वाहनं. घंटी?”

“नाही.”

“ब्रेक?”

“नाही.”

“कंदील?”

“दिवस मावळायच्या आत घरी असते ती.”

“तसं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. दोन अर्ज, डाव्या पायाचा एक आणि उजव्या पायाचा एक. कारण एका अर्जावर दोन वाहनं बसत नाहीत. मग वाहनाचा प्रकार आला. यादीत सायकल, टांगा, हातगाडी, बैलगाडी एवढंच. कारकून बराच वेळ छताकडं बघत राहिले आणि मग टाक बुडवून त्यांनी लिहिलं: पायगाडी.

“अहो, पायगाडी म्हणजे सायकल!”

“लोक सायकलीला म्हणतात ते चूक आहे,” ते म्हणाले. “खरी पायगाडी ही.”

खोटं कशाला बोलू, दोन बिल्ले घेऊन आणि चाकं सोडवून बाहेर पडल्यावर मला वाटलं की ह्या माणसाशी भांडण्यात चूक झाली. पण तोवर भांडून झालं होतं.

बिराप्पानं दोन्ही पट्ट्यांना तारेनं बिल्ले बांधले. वैजू आता दोन्ही घोट्यांना सरकारी पत्रा वाजवत रस्त्यानं जायला लागली. लोक हसायचे. हसू देत. ती पडत नव्हती! भाद्रपद गेला, घट बसले, पोरगी वळायला शिकली, थांबायला शिकली. आत्याबाई ओसरीवरून वाती वळत बघायच्या. एकदा “पोरगी वाऱ्यागत जातीया” असं पुटपुटल्या. मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाल्या, “काय न्हाई. कापूस संपला.”

आणि मग आली खंडेनवमी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी आमच्याकडं घरातलं लोखंड पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, सासऱ्यांची तलवार, माझं शिवणयंत्र, ह्यांची सायकल, सगळं धुऊन-पुसून देवापुढं मांडायचं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. मी सकाळपासून पुरणावर होते. नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले तर तलवारीच्या शेजारी, पाटावर, वैजूचे चाकाचे बूट.

आत्याबाईंनी ते स्वतः मांडले होते. ज्यांनी उंब्रजचं नाव काढलं त्यांनीच. मला भरून आलं. चुलीच्या धुरानंही आलं असेल, पण आलं. मी वाकून नमस्कार केला, चाकांनाही केला. त्या चाकांना आंघोळ घातली होती का, कुठल्या पाण्यानं, हळदकुंकू कुठं-कुठं लावलं, हे बघायची बुद्धी मला झाली नाही. रोजच्या रोज नट मोजणारी मी, त्या एका दिवशी डोळे मिटून हात जोडून उभी राहिले.

दसऱ्याला दुपारी चारच्या सुमाराला सगळी आळी बाहेर होती. नवे कपडे, टोप्या, सोनं लुटायला जायची तयारी. वैजूनं जाहीरच केलं होतं की ती सगळ्यांना चाकं चालवून दाखवणार. आत्याबाईंसाठी ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. मी नियमाप्रमाणे चाक बोटानं फिरवलं.

करर्र.

दुसरं फिरवलं. करर्र. मी बूट उलटा केला. एकूण एक चाकाच्या मधोमध, छऱ्यांच्या बरोब्बर तोंडाशी, हळदीकुंकवाचं बोट. ओलं लावलेलं, आता वाळून घट्ट झालेलं. आणि त्यात अक्षता. वरून दूध-पाण्याचा हात. आठच्या आठ चाकांना! एक चाक सुटलं नव्हतं. आत्याबाईंनी कशात कसूर केली असं आजवर झालेलं नाही.

बिराप्पाचं दुकान दसऱ्याचं बंद. मी आत जाऊन स्टोव्हमधलं रॉकेल काढलं, केसांतला आकडा काढला आणि खरवडायला बसले. अर्ध्या तासानं चाकं फिरायला लागली. पण पुरती मोकळी नाहीत. मध्येच एक हुंदका द्यायची.

“आज नाही,” मी वैजूला म्हटलं.

“का न्हाई?” लालासाहेबमामा फेटा बांधून आले होते. “लोक थांबल्यात! घालू द्या की पोरीला. फौजेत बंदूक साफ झाली की आमी झाडून बगायचो.”

“पोरीवर झाडून बघायचा का?”

“तसं न्हवं...”

“सूनबाई भ्याली,” बनुबाई म्हणाल्या. “लिंबू बांधलं न्हाई तवाच म्या म्हटलं.”

“मग आता उंब्रजलाच द्या म्हनावं, तिथं चालवतंय पोरगं,” आणखी कुणीतरी.

मी आत गेले. ह्यांचे साईटवर घालायचे कॅनव्हासचे बूट पुढं बोळे घालून चढवले. किल्लीनं पट्ट्या पार शेवटपर्यंत लांब केल्या. दसऱ्याची इरकल, तिचा ओचा खोचला, पदर कमरेला आवळला आणि भिंतीला धरून रस्त्यावर येऊन उभी राहिले.

सून, सासरची, सणाच्या दिवशी, वडीलधाऱ्यांसमोर, चाकांवर!

“अगं, जाऊ दे की,” हे म्हणाले.

“जातेच आहे,” मी म्हटलं आणि भिंत सोडली.

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नका. पहिले दहा-बारा हात मी गेले. वारा कानाला लागला, खालून रस्ता आपणहून मागं सरकत गेला, आणि त्या चार-पाच श्वासांत मला कुणाचाच राग नव्हता. दिरांचा नाही, शिपायाचा नाही, बनुबाईंचा नाही. वैजूचं तोंड तसं का उजळलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मग उजव्या पायाखालचं एक चाक अडलं. पाय मागं राहिला आणि मी पुढं.

पडताना हात पुढं टेकू नयेत हा नियम मला पाठ होता. हाताला नव्हता.

उठून बसले तेव्हा मनगट चमच्यासारखं वाकलं होतं, इरकल गुडघ्यावर फाटली होती आणि लालासाहेबमामा हसू आवरत म्हणत होते, “पडली! आता चाकं उंब्रजला!” काही माणसं मोकळेपणानं हसली. हे धावत आले. त्यांच्याही आधी आत्याबाई आल्या, कुणाला न विचारता माझ्या पायातला बूट सोडला आणि ते चाक नखानं उकरलं. अर्धा तांदूळ बाहेर आला. पिवळाधमक.

त्या तांदळाकडं बघत राहिल्या. मी गप्प बसायला हवं होतं. चांगल्या घरच्या सुना बसतात. मी सबंध आळीसमोर म्हटलं, “बघा. मी म्हणून मनगटावर निभावलं. वैजू असती तर टाक्यांवर टाके पडले असते. आणि मग तुम्हीच तिची चाकं काढून घेतली असती!”

आत्याबाईंनी तांदूळ मुठीत धरला आणि घरात गेल्या.

आम्ही मिळेल त्या एसटीनं सांगली गाठली. दवाखान्यातल्या लेखनिकानं विचारलं, कशानं पडलात? मी सांगितलं. “चाकी वाहन? मग अपघाताच्या वहीत जाईल, जबाब लागेल,” म्हणाला. “वाहन क्रमांक?” वैजूला दोन्ही बिल्ल्यांचे क्रमांक तोंडपाठ, तिनं अभिमानानं सांगितले. तो लिहिता लिहिता थांबला. “दोन वाहनं?” ह्यांनी मान डोलावली. तेव्हा त्या वहीत अशी नोंद झाली की दोन वाहनांच्या टकरीत एक महिला जखमी, आणि दोन्ही वाहनं तीच चालवत होती. मी भांडणार होते. पण तोवर हाड बसवायला घेतलं आणि मला दुसऱ्या गोष्टीसाठी ओरडावं लागलं.

प्लास्टर कोपरापर्यंत. पुढचे आठ दिवस मला वेणी घालता येईना, कणीक मळता येईना. सगळं आत्याबाई करत होत्या आणि आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. त्या माझे केस विंचरायच्या तेही न बोलता, गुंता आला की गुंता ओढून. राग मला होता आणि आहे. पण वेणी घट्ट घालतात, ते कबूल करायला हवं.

एके दिवशी दुपारी त्या कीर्तनाला म्हणून गेल्या आणि तीन तास आल्या नाहीत. चाकंही खुंटीला नव्हती. उंब्रजची एसटी पाचला असते. मी प्लास्टर पदरात घेऊन स्टँडकडं निघाले तर वाटेत बिराप्पाच्या दुकानात, पोत्यावर, आत्याबाई. पुढ्यात घरातली रॉकेलची बाटली आणि वाटीत छर्रे. मी दाराआड उभी राहिले.

“समदं आलं न्हवं भाईर?” त्या विचारत होत्या.

“समदं आलं, मावशी. आणखी कितींदा धुवू?”

“धू आणखी येकदा. आन मला सांग, फुडल्या नवमीला ह्याची पूजा कशी करायची मग?”

बिराप्पानं हात चिंधीला पुसले. “फूल पट्ट्याला बांधा. कुकू पट्टीला वरनं लावा. चाकाला न्हाई. चाकाची पूजा म्हंजी रॉकेल आन ग्रीस, ह्येच.”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या, जणू एखाद्या शास्त्रीबुवांनी सांगितलं असावं. मी न दिसता परत आले.

त्याच संध्याकाळी उंब्रजहून निरोप आला. जाऊबाईंनी एका कंडक्टरबरोबर सांगून पाठवलं होतं की पडापडीचं कानावर आलं आहे, तर चाकं त्याच्याजवळच द्यावीत, पोरगं वाट बघतंय. लालासाहेबमामा निरोप ऐकायला दारात हजर. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या.

“तिला म्हनावं, आदी तू सोता घालून रस्त्यावर पडून दाव. मग पोराला चाकं न्यायला ये.”

कंडक्टरनं हा निरोप जसाच्या तसा पोचवला असावा. कारण उंब्रजहून परत काही आलं नाही.

रविवारी वैजूनं पुन्हा चाकं बांधली. म्हणजे बांधली आत्याबाईंनी; माझा एकच हात. मी नट तपासायला वाकले तर म्हणाल्या, “बगितल्यात म्या.” तरी मी बघितले. त्यांना राग आला. येऊ दे. चाकं फिरवली, आवाज नाही. घोंगड्याच्या गाद्या गुडघ्यांना, कोपरांना. वैजू निघाली, आळीच्या टोकापर्यंत गेली, ऐटीत वळली, आणि परत येताना एका कुत्र्याला चुकवायला गेली नि आमच्या दारासमोरच कलली. पडली, पण कशी! हात आवरून, गुडघे वाकवून, अंग बाजूला टाकून, खरचटलंसुद्धा नाही.

पण पडली होती. दारादारातून माणसं बघत होती. लालासाहेबमामा, बनुबाई, हेसुद्धा वर्तमानपत्र खाली करून. सगळ्यांनी माना वळवल्या त्या आत्याबाईंकडं. वैजू रस्त्यात तशीच, उठायची विसरून, आजीकडं बघत होती, आणि माझं धड असलेलं मनगटही दुखायला लागलं होतं.

आत्याबाईंनी हातातली वात पुरी वळली, तबकात ठेवली आणि सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात नातीवर ओरडल्या,

“ऊठ की गं! भर रस्त्यात किती येळ बसतीस?”